२६ हजार शतायुषी

कॅलिफोर्नियाच्या महालेखापरीक्षकांनी २०१७ साली मोटार वाहन खात्याचं दप्तर तपासलं, तेव्हा एक चमत्कार उजेडात आला. अपंगांना गाडी लावण्यासाठी मिळणाऱ्या निळ्या परवान्याचे जवळपास २६ हजार धारक वयाची शंभरी गाठलेले होते. अख्ख्या राज्यात शंभरीची माणसं मात्र होती आठ हजारांच्या आसपास. उरलेल्यांचं गूढ काही फार खोल नाही. आजोबा गेले, त्यांचा परवाना कपाटात राहिला आणि नातू तो गाडीच्या आरशाला अडकवून ऑफिसला जाऊ लागला.

हा परवाना गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यातून दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे दाराजवळची राखीव जागा. त्यातल्या काही जागांच्या शेजारी आखलेला पट्टा असतो, व्हीलचेअर उतरवायला. दुसरी म्हणजे रस्त्याकडेच्या मीटरवर हवा तितका वेळ फुकट मुक्काम. हिच्यामागचा विचार चांगलाच होता. ज्याचा हात मीटरपर्यंत पोचत नाही किंवा ज्याला तासातासाला परत येऊन नाणी टाकता येत नाहीत, त्याला दंड कसला करायचा? पण सरकारने ती सवलत सरसकट सगळ्या, म्हणजे त्या वेळच्या सुमारे २९ लाख परवान्यांना चिकटवली. तिथेच बाजार भरला.

पार्किंगच्या अर्थशास्त्रावर आयुष्य घालवलेले लॉस एंजेलिसचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी शहरातल्या फ्लॉवर स्ट्रीटच्या एका तुकड्याची पाहणी केली. तिथल्या मीटरचा दर होता तासाला चार डॉलर. प्रत्यक्ष गल्ल्यात पडत होते २८ सेंट. बहुतेक जागा परवानेवाल्यांनी व्यापलेल्या होत्या आणि त्यांतले काही जण गाडीतून जड ओझी उचलून नेताना दिसत. शूप शिकवत त्याच विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या आजी-माजी १९ खेळाडूंवर १९९९ साली असे परवाने लाटल्याबद्दल खटला भरला गेला होता. धष्टपुष्ट गडी, कॅम्पसवर जागेची मारामार, आणि हाताशी खोटे वैद्यकीय दाखले!

अशा बातम्यांनी लोक चिडतात, पण त्या चिडीची किंमत भलताच माणूस मोजतो. हृदय किंवा फुप्फुसं निकामी होत आलेल्या माणसालाही कायद्याने हा परवाना मिळतो. तो गाडीतून उतरून वीस पावलं सरळ चालतो. एकविसाव्या पावलाला त्याला धाप लागते, हे बघणाऱ्याला कुठे दिसतं? काचेवर चिठ्ठी चिकटवून जाणारे, मोबाइल काढून जाब विचारणारे स्वयंघोषित पहारेकरी बहुधा अशाच माणसाला गाठतात. आजोबांचा परवाना लावलेला नातू तोवर ऑफिसात पोचलेला असतो. त्यामुळे पहारा कडक करा, ही मागणी मला नेहमीच थोडी आळशी वाटत आली आहे.

मिशिगनने १९९५ साली वेगळी वाट धरली. राखीव जागा सगळ्या परवानाधारकांना राहिली; मीटरची माफी मात्र ज्यांना शारीरिकदृष्ट्या मीटर वापरताच येत नाही त्यांनाच. आधी पाच लाख लोक फुकट गाडी लावत होते. नव्या माफीसाठी पुढे आले फक्त दहा हजार. ओरेगनमधल्या पोर्टलंडने २०१४मध्ये व्हीलचेअर वापरणारे वगळून बाकीच्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, तर शहराच्या मध्यभागी परवाना लावलेल्या गाड्या सुमारे ७० टक्क्यांनी घटल्या. कुणाच्या मागे पोलीस धावले नाहीत की कुणाला लंगडून दाखवावं लागलं नाही. कॅलिफोर्नियाने मात्र महालेखापरीक्षकांच्या अहवालानंतर कायदा करून जन्मतारखेचा पुरावा आणि दर सहा वर्षांनी नूतनीकरणाची सही आणली. मेलेल्यांचा बंदोबस्त झाला, मीटरच्या माफीला त्या कायद्याने हात लावला नाही.

हा मिशिगनी उपाय घेऊन मी मनातल्या मनात मुंबईच्या लोकलमध्ये चढून पाहतो आणि अडकतो. दिव्यांगांच्या डब्यात धडधाकट माणसं घुसतात. रेल्वे पोलीस अधूनमधून मोहीम काढतात, दंड करतात, आठवड्याभरात सगळं पूर्ववत. इथे लोभ पैशाचा नाही. सकाळी नऊला ठाण्याहून निघालेल्या माणसाला हवी असते नुसती उभं राहण्यापुरती जागा, आणि अपंग माणसालाही नेमकी तीच हवी असते. मीटरची माफी काढून घेता येते, कारण तिच्यावाचूनही राखीव जागा उपयोगाचीच राहते. डब्यात मोकळेपणा हीच सवलत आहे, ती काढली तर उरतो फक्त दारावरचा खुर्चीचा बिल्ला. घुसखोरावर ओरडणं सोपं आहे. पण शेजारच्या साध्या डब्यात पाय ठेवायला जागा होत नाही तोवर तो घुसणारच, आणि ती जागा दंडाच्या पावतीपुस्तकाने होण्यातली नाही.