आईचा अर्धा तास



मागे मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर एका आईने आम्हांला विचारले, "फादर, पहाटे अर्धा तास चालायला जाते, तेव्हा घर टाकून गेल्यासारखं वाटतं. हा स्वार्थ आहे का?" (हे पापनिवेदनात विचारलेले नाही, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे.)

आम्ही लगेच 'नाही' म्हणालो. ते उत्तर घाईचे होते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न बारकाईने तपासला आहे. शरीर देवानेच घडविले, म्हणून त्याच्यावरही प्रीती करावी, असे ते म्हणतात. मात्र शेजाऱ्याच्या आत्म्याचे हित आपल्या शरीराहून मोठे. म्हणजे प्रेमापोटी शरीर झिजवणे चुकीचे नाही. तापाने फणफणलेल्या लेकराच्या उशाशी बसून आईने चालणे सोडले, तर ते प्रेमच.

पण रोजचे काय? डबा, इस्त्री, सासऱ्यांचा चहा. यात कोणाच्या आत्म्याचे हित अडले आहे? अडते ती घरच्यांची सोय. आणि आपल्या सोयीला आईचा 'त्याग' म्हणणे आम्हां पुरुषांना फार सोपे जाते. मरियामातेच्या सणाला प्रवचनात आम्हीही तसे म्हटले आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस.

हे सारे ऐकून त्या म्हणाल्या, "ते खरं, फादर, पण मग डबा कोण करणार?" हा प्रश्न त्यांनी आम्हांला विचारला. खरे तर तो त्यांच्या नवऱ्याला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलाला विचारायचा होता.