माळकऱ्याने बी-१२ ची गोळी घ्यावी काय?

माळकरी मंडळी हल्ली आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. डॉक्टरांनी रक्त तपासले, बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे म्हणाले. आता गोळी घ्यावी, का दूधभाकरीवर भागवावे? तैत्तिरीय उपनिषदाने अन्नालाच सर्वांचे औषध म्हटले आहे, मग बाटलीतले सत्त्व कशाला?

हा पूर्वपक्ष हलका नव्हे. आधुनिक शास्त्रही पुष्कळसे त्याच बाजूचे आहे. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी अधिक लागते. जेवणावर लागलीच चहा ढोसला की कमी लागते. गोळीत एकटे सत्त्व असते, ताटात सत्त्वांची पंगत बसलेली असते. फिनलंडात २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरात असणारे बीटा-कॅरोटीन त्यांच्यापैकी काहींना गोळीतून दिले. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा, की ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्के अधिक आढळला. तेव्हा ज्याच्या ताटात भाकरी, डाळ, भाजी, ताक आहे आणि अंगात काही उणे नाही, त्याने जाहिरात पाहून डबे आणावेत, याला आम्ही हावच म्हणू.

पण सज्जनहो, अन्नात जे नाहीच ते अन्नातून कसे मिळावे? बी-१२ कोणतीही वनस्पती तयार करीत नाही, कोणताही प्राणीही करीत नाही. ते करतात सूक्ष्म जंतू. मांस वर्ज्य करणाऱ्याला त्याचे दार एकच, दूधदुभत्याचे. प्रौढाला दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्रॅम लागते. दोन मोठे पेले दूध घेतले तर ते मिळते. आता आपापल्या घरात पाहा. गोठ्यात गाय आहे, पण दूध डेअरीला जाते आणि घरच्यांना चहापुरते उरते. त्यात वय झाले की जठरातले आम्ल मंदावते, अन्नातले बी-१२ नीट सुटत नाही. मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही ते अंगी लागू देत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून माणूस गाफील राहतो. मग तळपायाला मुंग्या येतात, तोल जातो, पाठ असलेला अभंग मध्येच अडतो. आपण म्हणतो, म्हातारपण आलं. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पुरती भरून येत नाही.

लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बाया पांढऱ्याफटक पडत. बाईंनी त्यांना यीस्टचा अर्क दिला आणि त्या सुधारल्या. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. त्या गरीब बायांना ‘नीट जेवा, अर्क कशाला’ असे सांगणारा पंडित आम्हांला तरी शहाणा वाटत नाही.

तीच गोष्ट माळकऱ्याची. व्रत मांस न खाण्याचे घेतले आहे, बी-१२ न घेण्याचे नाही. गोळीतले बी-१२ आज जंतूंच्या किण्वनाने तयार होते, त्यात मांस नसते. मात्र कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते, आणि जिलेटिन काढतात जनावरांच्या हाडांतून नि कातड्यांतून. तेथे माळेला बाध येतो. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारावे, साधी गोळी मागावी, नाही तर वनस्पतीजन्य कवचाची. लाजू नये. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाची पूड ‘शुद्ध शाकाहारी बी-१२’ म्हणून विकतात, तीत अंगी लागणारे बी-१२ जवळजवळ नसते. तिच्यावर विसंबू नये. आणि नुसती फॉलिक आम्लाची गोळी घेऊन रक्त सुधारलेले दिसले, तरी बी-१२ च्या अभावाने मज्जातंतूंचा बिघाड आतल्या आत चालूच राहू शकतो. तपासणी डॉक्टरांकडूनच करावी.

राहता राहिली एकादशी. त्या दिवशी गोळी चालेल का? धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, मूळ, फळ, दूध यांच्याच पंक्तीला तेथे औषध बसवले आहे. साबुदाण्याच्या खिचडीचे तीन वाडगे मात्र त्या आठांत आम्हांला कुठे सापडले नाहीत.