शंकासमाधान : निर्वासित मुलांना शिकवताना आपली श्रद्धा कुठे ठेवावी?

शंका : आम्ही मेलबर्नला असतो, मूळचे अहिल्यानगरचे. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आमच्या मंडळीतली काही कुटुंबं इंडोनेशियातल्या चिसारुआला जाणार आहेत. तिथे अडकून पडलेल्या अफगाण निर्वासितांच्या, बहुतेक हजारा समाजाच्या, मोठ्या वयाच्या मुलांना इंग्रजी आणि गणित शिकवायचं आहे. मी, यजमान आणि आमची दोन्ही मुलं जाणार. तयारीच्या बैठकीत एक वडीलधारे बंधू म्हणाले, इंग्रजी हे नुसतं निमित्त, खरं काम आत्मे जिंकण्याचं. तेव्हापासून मला चैन नाही. श्रद्धा लपवली तर प्रभूला नाकारल्यासारखं होईल, आणि व्याकरणाच्या तासात सुवार्ता सरकवली तर त्या मुलांना फसवल्यासारखं. काय करावं?

समाधान : भगिनी, इंग्रजी नुसतं निमित्त असेल तर जाऊ नका. शिकवायला जायचं असेल तर जरूर जा, आणि मन लावून शिकवा.

असं का म्हणतो, ते त्या मुलांची स्थिती पाहिल्यावर कळेल. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर इंडोनेशियाने सही केलेली नाही. निर्वासितांना तिथे कामधंदा करायची परवानगी नाही. सरकारी शाळांची दारं बराच काळ त्यांच्या मुलांना बंदच होती. दुसऱ्या देशाने बोलावून घेईपर्यंत थांबायचं, एवढंच त्यांच्या हाती. त्यात आपल्या ऑस्ट्रेलिया सरकारने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं की, १ जुलै २०१४ किंवा त्यानंतर ज्यांनी इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंदणी केली, त्यांना इथे वसवलं जाणार नाही. त्या सुमारास सहा-सात वर्षांचा असताना तिथे पोहोचलेला मुलगा आज सतरा-अठराचा झाला आहे, आणि त्याचं बालपण वाट बघण्यातच गेलं आहे.

अशा मुलासमोर ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट खिशात असलेली माणसं उभी राहतात. तुम्ही काही बोलायच्या आधीच त्याला तुमच्यात सुटकेची वाट दिसू लागते. अशा वेळी तुम्ही त्याला 'आमच्याबरोबर प्रार्थना कर' म्हणालात, तर नाही म्हणणं त्याला जड जाईल. आणि तो हो म्हणाला, तर त्यात श्रद्धा किती आणि आशा किती, हे त्याचं त्यालाही उलगडणार नाही. त्याचा होकार मोकळा राहावा म्हणून आपण हात आखडता घ्यायचा. याला मी श्रद्धा लपवणं म्हणत नाही.

आपल्या मराठी मंडळीत हा प्रश्न फार जुना आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे विधवा आणि मुली शिकत. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असं ठरलं होतं. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ उठला. केसरीने टीका केली, रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंची प्रार्थना प्रामाणिक होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण दाराशी बसलेली मुलगी त्यांच्याच अन्नावर आणि आसऱ्यावर जगत होती. तटस्थ राहू या शब्दाचा पालकांनी घेतलेला अर्थ एक होता, रमाबाईंचा दुसरा. त्या तेढीत नुकसान झालं ते शाळेतून नाव काढलेल्या मुलींचं. हे विसरता कामा नये.

त्याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या. रमाबाईंनी त्यांना दिलेली विद्या त्यामुळे वाया गेली, असं कोणता ख्रिस्ती माणूस म्हणेल?

तेव्हा तिथल्या शाळेला आणि मुलांच्या आईवडिलांना जाण्याआधीच कळवा, तेही लेखी : आम्ही ख्रिस्ती आहोत, मंडळीतर्फे येतो आहोत, वर्गात धर्म शिकवणार नाही. ते 'नको' म्हणाले तर त्यांचा मान राखा. कुटुंबाची प्रार्थना मुक्कामाच्या जागी करा. कोणी मुलाने आपण होऊन विचारलं, तुम्ही कशावर विश्वास ठेवता, तर सरळ उत्तर द्या. ते सौम्यपणे आणि आदराने द्यावं, असं पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात सांगितलंच आहे. विचारलेल्याचं उत्तर देण्यात फसवणूक नाही.

कायदाही बघा. ज्याला आधीच धर्म आहे त्याला वळवण्यासाठी प्रचार करू नये, असा इंडोनेशियाच्या दोन मंत्र्यांचा १९७९ पासूनचा संयुक्त आदेश आहे. पर्यटनाच्या व्हिसावर वर्ग घेणंही बसत नाही. विमानतळावर 'फिरायला आलो' असं खोटं सांगून सुरू झालेलं काम प्रभूच्या नावाने कसं करायचं? योग्य व्हिसा काढा. तो मिळत नसेल तर घरबसल्या ऑनलाइन शिकवा.

शेवटचं म्हणजे, ती शाळा तुमची नाही. चिसारुआतलं निर्वासितांचं शिक्षण केंद्र २०१४ मध्ये हजारा निर्वासितांनी स्वतःच उभारलं. शिकवणारेही निर्वासितच, आणि त्यांतल्या कित्येक बायका आयुष्यात पहिल्यांदा फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या केंद्रावरचा 'द स्टेजिंग पोस्ट' हा २०१७ चा माहितीपट मंडळीत सगळ्यांनी मिळून बघा. मग तिथल्या शिक्षकांना विचारा, आम्ही काय करू? वह्या तपासा म्हणाले तर वह्या तपासा.

*

शंका : मी सतरा वर्षांचा आहे, सिडनीत राहतो. गेलं वर्षभर इंडोनेशियातल्या एका अफगाण निर्वासित मुलाला ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. परवा तो म्हणाला, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे, पण घरी सांगू नकोस. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. कोणाला सांगू?

समाधान : बाळा, आधी तुझ्या आईवडिलांना आणि पाळकसाहेबांना सांग. हे ओझं एकट्याने वाहायचं नाही. त्याच्या घरी मात्र तू काही कळवू नकोस. तुझ्या मोठ्यांनाही हे गुपित राखायला सांग, आणि मी त्यांना सांगितलं आहे, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोल.

त्याला 'थांब' म्हणायला घाबरू नकोस. कोणीतरी तुला प्रेषितांच्या कृत्यांतला कूशी षंढ दाखवील : फिलिप्पाने त्याला वाटेतच पाणी पाहून बाप्तिस्मा दिला, मग आपण का थांबायचं? पण तो माणूस राणीच्या खजिन्यावरचा अधिकारी होता. वयाने मोठा, स्वतःच्या रथात बसलेला. त्याचं फिलिप्पावाचून काही अडलं नव्हतं, आणि बाप्तिस्मा झाल्यावर तो आपल्या वाटेने निघून गेला. तुझा मित्र अल्पवयीन आहे. तो आईवडिलांच्या छपराखाली राहतो आणि त्याच्या समाजातले शेजारी हाच त्याचा सगळा आधार आहे. ही गोष्ट फुटली तर घरातला, वस्तीतला आसरा जाऊ शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. अफगाणिस्तानात मागे राहिलेल्या नातलगांनाही त्याच्या बाप्तिस्म्याची झळ पोहोचू शकते. धर्म बदलला म्हणजे आश्रय लवकर मिळतो, असंही काही जण या मुलांच्या कानात सांगतात. प्रत्यक्षात अर्ज तपासणारे अधिकारी अशा धर्मांतराकडे संशयाने बघतात, आणि खरा विश्वास असलेला मुलगाही त्या संशयात सापडतो.

त्याच्या मनात जे उमललं आहे ते खोटं आहे, असं मी म्हणत नाही. त्याला काही वाचायचं असेल, विचारायचं असेल, तर मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली बोलत राहा. इंडोनेशियात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे दोन्ही मान्यताप्राप्त धर्म आहेत, तिथे मंडळ्या आहेत. तो सज्ञान झाला की तिथल्या पाळकांकडे स्वतःच्या पायाने जाऊ शकतो. तोवर त्याचा इंग्रजीचा तास एकदाही चुकवू नकोस. बाप्तिस्मा लांबला म्हणून तू दूर गेलास, असं त्याला वाटू देऊ नकोस.

तो कधी विचारील, मला ऑस्ट्रेलियात येता येईल का? तेव्हा नियम आहे तसा सांग. 'प्रार्थना कर, होईल' असं उत्तर देऊ नकोस.

*

शंका : चौघांच्या विमानभाड्याचे पैसे सरळ चिसारुआच्या शाळेला पाठवले तर जास्त पुण्याचं काम नाही का?

समाधान : पुष्कळदा हो. दोन आठवडे जाऊन यायचं आणि पुढे संबंध ठेवायचा नाही, असा बेत असेल तर पैसेच पाठवा. त्या मुलांनी आजवर खूप माणसं निघून जाताना पाहिली आहेत. परत आल्यावर वर्षभर दर आठवड्याला ऑनलाइन वर्ग घेणार असाल, तर प्रत्यक्ष भेटीचं मोल मोठं आहे. ओळख झालेल्या माणसाकडून मूल अधिक शिकतं.

मेलबर्नकरांनी डँडेनाँगही आठवावं. तिथे हजारा कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, त्यांच्या मुलांना बारावीच्या अभ्यासात मदत हवी असते, आणि तिथे जायला ट्रेनचं तिकीट पुरतं. २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या सरकारी योजनेत पाच किंवा अधिक प्रौढांचा गट नव्याने येणाऱ्या निर्वासित कुटुंबाला पहिलं वर्षभर साथ देऊ शकतो : घर शोधणं, शाळेत नाव घालणं, डॉक्टरकडे नेणं. एका मंडळीतून पाच माणसं निघणं कठीण नाही.

आणि फोटो काढू नका. दानाचा गाजावाजा प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनातच मना केला आहे. शिवाय त्या मुलांचे चेहरे फेसबुकवर गेले तर मागे राहिलेल्या आप्तांना धोका होतो.

*

शंका : माझी पंधरा वर्षांची नात ऑस्ट्रेलियातून असल्याच कामाला जाणार म्हणते. आपली माणसं सोडून परक्या, मुसलमान मुलांसाठी एवढं का? आणि मुलीच्या जातीला तिथे सुरक्षित आहे का? (अहिल्यानगरहून एक आजी)

समाधान : आजी, सलाम. तुमच्या नगरात सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाईंनी मुलींची शाळा चालवली. त्या १८२७ मध्ये मुंबईत आल्या, पुढे नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांना आपण परकेच होतो, धर्मानेही. जोतीराव फुल्यांनी ती शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचं शिक्षण घेतलं. दोघांपैकी कोणी ख्रिस्ती झालं नाही, आणि महाराष्ट्रातल्या मुली मात्र शिकल्या. पुढे ऑस्ट्रेलियातूनही माणसं आपल्याकडे आली. टास्मानियाच्या चार्ल्स रीव्ह यांनी काढलेलं मिशन नसरापूरच्या बाजूच्या खेड्यांत काम करत असे. तुमची नात त्याच वाटेने उलट दिशेला निघाली आहे.

ती ज्या मुलांकडे चालली आहे, त्यांचे आईबाप स्वतः जीव मुठीत घेऊन पळून आलेले आहेत. ती मुसलमान आहेत म्हणून भिऊ नका.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र तुम्ही अगदी योग्य विचारलात. त्यात तिकडच्या मुलांपेक्षा आपल्याच माणसांवर जास्त नजर हवी. २०१३ ते २०१७ या काळात ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने संस्थांमधल्या बालशोषणाची चौकशी केली आणि त्यात ख्रिस्ती संस्थांची लाजिरवाणी प्रकरणं उघड झाली. म्हणून चमूतल्या प्रत्येक प्रौढाकडे मुलांसोबत काम करण्याचा सरकारी परवाना हवा. कोणाही मुलाजवळ कधीही एकच प्रौढ नसावा. तुमच्या नातीच्या मुक्कामाच्या खोलीत मुलीच असाव्यात आणि शेजारच्या खोलीत तिची आई. मंडळी हे लेखी द्यायला तयार नसेल तर तिला पाठवू नका, असं तुमच्या मुलाला माझं नाव घेऊन सांगा.