गाळातले बी



इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात हेडन येथे शेतातले एक जुने तळे झाडाझुडपांच्या सावलीत बुजत चालले होते. तळी जपणाऱ्या मंडळींनी ती झुडपे तोडली, गाळ हलवला. २०२० साली काठावर इवली गुलाबी फुले दिसली. नाव ग्रास-पॉली. परगण्यातून ती शंभर वर्षांपूर्वीच नाहीशी झाली, असे सर्व जण धरून चालले होते. बी मात्र गाळात जिवंत होते.

आपल्याकडे असे घडते, तर कोणीतरी तेथे नारळ फोडला असता! परंतु हा चमत्कार नव्हे. बी होते, ओल होती. प्रकाश नव्हता, तो मिळाला. हेतू आणि प्रत्यय जुळले म्हणजे फळ येते, हाच तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद.

या भूमीत धम्माचे बीही असेच शतकानुशतके दडपून पडले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी वरचे रान तोडले. पण तळ्याकाठी झुडपे पुन्हा वाढतात, आणि सावली पडली की ते रोप पुन्हा दिसेनासे होते. दीक्षा घेतलेल्या घरात फडक्याखाली जुने टाक अजून आहेत काय? मूल तापाने फणफणले की अंगारा येतो काय? तसे असेल तर आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवा, बावीस प्रतिज्ञा काढा आणि एकेकीचा अर्थ त्यांना समजावून सांगा.