विवाहापूर्वींचा लेख आणि विश्वास

लग्न ठरतांना वधूपित्यानें म्हटलें कीं, "मुलीस दिलेल्या जमिनीची व दागिन्यांची नोंद कागदावर होऊं द्या," तर वरपक्षाचीं माणसें रुष्ट होतात. जेथें प्रीति आहे तेथें लेख कशास, असें तीं विचारतात. हा प्रश्न क्षुल्लक नाहीं.

प्रथम कायदा पाहूं. महाराष्ट्रांत विवाहानें पतिपत्नींची मालमत्ता एक होत नाहीं. जें ज्याच्या नांवावर, तें त्याचें. त्यामुळें निफाड किंवा दिंडोरीकडे जी स्त्री वीस वर्षें पतीच्या द्राक्षमळ्यांत राबली, तिला घटस्फोटानंतर पोटगी मागतां येते. पण मळ्याचा अर्धा वाटा हक्कानें मिळत नाहीं. गोव्यांतील रीत निराळी आहे. तेथें १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणें, विवाहापूर्वीं वेगळा करार झाला नसेल तर उभयतांची मालमत्ता सामाईक होते व घटस्फोटांत अर्धीअर्धी वांटली जाते. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या ४० व्या कलमांतही विवाहापूर्वींच्या व नंतरच्या व्यवस्थापत्रांचा विचार आहे. न्यायालय त्यांची चौकशी करून त्या मालमत्तेविषयीं योग्य हुकूम देऊं शकतें. मात्र मुलांचें नुकसान करून आईबापांस लाभ देऊं शकत नाहीं.

मग असा लेख अविश्वासाचा काय? १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें लग्नाचीच नोंद वहींत होते, आणि वधूवर व दोन साक्षीदार तीवर सह्या करितात. तीस कोणी अविश्वास म्हणत नाहीं. ज्याचें वचन प्रामाणिक आहे, त्यास तें लिहून देण्याचें भय कशाचें?

तथापि प्रत्येक लेख न्याय्य असतो असें नाहीं. "घर सोडलेंस तर कांहीं मिळणार नाहीं," असें जो धनवान गरीब मुलीकडून लिहून घेतो, तो कागदाच्या आड अन्याय करितो. कसोटी सोपी आहे: आपण दुसऱ्या पक्षाच्या जागीं असतों, तर याच लेखावर संतोषानें सही केली असती काय?

यास्तव उपदेशक बंधूंनीं असा लेख दोघांस मराठींत वाचून दाखवावा व एक प्रत मुलीजवळ ठेववावी. तिला जमीन द्यावयाची असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवून सातबाऱ्यावर तिचें नांव लावून घ्यावें. विवाह मोडेल या अपेक्षेनें हें करावयाचें नाहीं. दुर्बळाचा हक्क बलवानाच्या मर्जीवर राहूं नये, एवढ्यासाठींच करावयाचें आहे.