फल आणि अनुबंध

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील तामस कर्माच्या लक्षणात एक शब्द असा आला आहे की, व्यवहारी मनुष्याचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. तो शब्द ‘अनुबंध’ हा होय. कर्म उरकल्यानंतर त्याच्या मागोमाग जे घडत जाते, तो अनुबंध, असे भाष्यकार समजावतात. हा अनुबंध, होणारा क्षय, इतर प्राण्यांस होणारी पीडा आणि आपले सामर्थ्य, या चारांचा विचार न करता केवळ मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय, असा भगवंतांचा निर्णय आहे.

येथे कोणी शंका घेईल की, याच गीतेने दुसऱ्या अध्यायात मनुष्याचा अधिकार कर्मापुरताच ठेवला आणि फलाची आसक्ती सोडावयास सांगितले. मग परिणामाकडे पाहावयाचे तरी कशाला? ही शंका नवी नव्हे, आणि ती नेहमीच निर्मळ मनातून येते असेही नव्हे. पुष्कळदा ती पेढीवरून येते. ‘आपण आपले काम करावे, पुढचे परमेश्वराकडे’ असे म्हणून मालाचा दोष, मजुराची उपासमार आणि गिऱ्हाइकाची हानी ही सर्व परमेश्वराच्या खात्यावर मांडणारे गृहस्थ थोडे नाहीत. वस्तुतः फल व अनुबंध हे एक नव्हेत. कर्त्याच्या पदरात जे पडते, ते फल. कर्मातून निघून जे दुसऱ्यांच्या घरांत शिरते, तो अनुबंध. आशा सोडावयाची ती पहिल्याची. विचार सोडावयाचा नाही तो दुसऱ्याचा.

जबलपूर हे विड्यांच्या व्यापाराचे जुने व मोठे ठिकाण आहे. भोवतालच्या अरण्यांत तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, विपुल होते. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिची झुडपे छाटतात. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने कोवळी, रुंद पाने येतात. ती भर उन्हाळ्यात पहाटेपासून खुडावयाची, पन्नास-पन्नासांच्या जुड्या बांधावयाच्या आणि उन्हात वाळत घालावयाच्या. मध्य प्रदेशात अशा एक हजार जुड्यांचा एक प्रमाण बोरा धरतात. 1964 साली राज्याने कायदा करून हा पानांचा व्यापार आपल्या नियंत्रणाखाली घेतला.

कर्मसिद्धीची जी पाच कारणे गीता सांगते, ती या पानांवर जशी उमटलेली दिसतात, तशी पुष्कळ ग्रंथ चाळूनही दिसणार नाहीत. अरण्य व झुडूप हे अधिष्ठान. खुडणारा तो कर्ता. हात, डोळे, विळा ही करणे. छाटणे, खुडणे, बांधणे, उलथणे या विविध चेष्टा. आणि पाचवे दैव. दैव या शब्दाने श्रीशंकराचार्य इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता घेतात. पाने वाळत असता वैशाखात अवचित वळीव कोसळला आणि सगळा माल काळा पडला, म्हणजे ज्याच्या हाती ऊन आहे तो आदित्य कोण, हे खुडणाऱ्यास भाष्य न वाचताच कळते. या पाचांपैकी आपण एकच, असे असता ‘मीच सर्व केले’ असे पाहणाऱ्याची बुद्धी संस्कारहीन होय, असे भगवंत पुढे लगेच म्हणतात. नफा झाला की ‘माझी हुशारी’ आणि तोटा झाला की ‘माझे नशीब’, ही व्यापाऱ्याची दुहेरी नोंद येथे खोटी ठरते.

ही पाने पुढे घरोघर जातात. विड्या वळणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया. ठेकेदार त्यांना पाने व तंबाखू तोलून देतो आणि हजार विड्यांवर मजुरी चुकती करतो. आता समजा, एखाद्या ठेकेदाराने हजार विड्यांना पुरतील त्याहून थोडी कमी पाने तोलली. रुपयाआण्यांत पाहता ही बाब क्षुल्लक. परंतु उणी पडलेली पाने त्या बाईला पदरचे पैसे घालून विकत घ्यावी लागतात. तयार माल नेला की त्यातील काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. पुढील आठवड्यास ती फाटके पान चिकटवून वापरू लागते, तंबाखू चिमूटभर कमी भरते. विडी सैल होते, गिऱ्हाईक दुकान बदलते, आणि तोच ठेकेदार कपाळाला हात लावून म्हणतो की, हल्लीच्या मजुरांत सचोटी राहिली नाही! सचोटी कोणत्या तराजूत प्रथम उणी पडली, हे त्याच्या वहीत कोठेही लिहिलेले नसते. अशा मजुरांच्या संरक्षणार्थ संसदेस 1966 साली विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून हा प्रकार एकट्यादुकट्या घरचा नव्हता हे उघड आहे.

आणि अनुबंध येथे थांबत नाही. तंबाखूची धूळ वळणाऱ्या स्त्रीच्या छातीत जाते, विडीचा धूर ओढणाऱ्याच्या. त्यापासून मुखाचा, घशाचा, फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आज वैद्यकाने निःसंशय सिद्ध केले आहे. यावर सुशिक्षित व्यापारी गीतेचाच आधार काढतो: धुराने अग्नी वेढलेला असावा तसे सर्वच उद्योग दोषाने वेढलेले आहेत, म्हणून सहज कर्म सदोष असले तरी टाकू नये, असे भगवंतांनीच सांगितले आहे ना? सांगितले आहे. पण त्या दृष्टान्तात अग्नी मुख्य आहे, धूर आनुषंगिक. अन्न शिजते ते अग्नीवर. ज्या व्यापारात धूर हाच माल आहे, त्यास हा दृष्टान्त कसा लावावा, हे लावणाऱ्यानेच सांगावे.

मग हाच गृहस्थ धर्मशाळेस देणगी देतो, नर्मदातीरी ग्वारीघाटावर अन्नदान करतो. ते दान खोटे नव्हे. भुकेल्याची भूक त्याने खरोखरच शमते. परंतु त्या दानाने पूर्वीचे उणे माप भरून निघाले, असे समजणे ही बाजारातील वजावट धर्मात आणणे होय. बाभूळ पेरलेल्या शेताच्या बांधावर आंबा लावला, तर आंब्याला आंबे येतील आणि बाभळीला काटे. प्रायश्चित्त शास्त्राने सांगितले आहे खरे, पण त्याच्या आरंभी पश्चात्ताप आहे, आणि ज्याचे घेतले त्यास परत देणे आहे. ते पावतीपुस्तकातून होत नाही.

अनुबंध नेहमी दुःखाचाच असतो असे मात्र नव्हे. याच जबलपुरात राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. पहिला तलाव राणी दुर्गावतीचा, दुसरा तिच्या दासीचा, तिसरा तिचा मंत्री आधारसिंह याचा, असे परंपरा सांगते. राणीने 24 जून 1564 रोजी नरई नाल्याच्या रणात मोगल सैन्याशी लढता लढता देह ठेवला. राज्य गेले. फल म्हणून पाहू गेल्यास तिच्या पदरात काय पडले? पण तलावांत पाणी साठत राहिले, भोवतालच्या विहिरींना झरे फुटत राहिले, आणि तिचे नावही न जाणणाऱ्यांच्या गुरांनी कित्येक पिढ्या तेथे तहान भागविली. पुढे जमिनीला भाव आला. आज राणीतालच्या जागी क्रीडांगण आहे, चेरीताल ही वस्ती झाली आहे. भराव घालणाऱ्यांस फल तत्काळ मिळाले, तेही रोख. पाणी मात्र खरेदीखत वाचीत नाही. पावसाळ्यात ते आपली जुनी जागा शोधीत घरांच्या उंबऱ्याशी येते, आणि ते घर बहुधा भराव घालणाऱ्याचे नसते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीवर कुंकवाने ‘शुभ’ व ‘लाभ’ हे दोन शब्द लिहितात. लाभाच्या बाजूचे आकडे वर्षभर भरले जातातच. शुभाच्या बाजूस काय लिहावे, हे मुनिमाला ठाऊक नसते आणि मालक त्याला सांगत नाही. तेथे निदान एवढे लिहिता येईल की, या वर्षी किती वेळा पाने त्या बाईच्या डोळ्यांदेखत तोलली, आणि छाट ठरलेल्या विड्या किती वेळा तिच्या हाती परत दिल्या.