घोटा कोणी धरला?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. पाणी ओसरतं, धान कापून होतं आणि मग गावोगावची पोरं कबड्डीला उतरतात. अशाच एका हंगामात गुरुजींना तालुक्याचा संघ निवडायचा होता. डाव्या कोपऱ्याच्या जागेसाठी दोन नावं होती: एक लाहेरीचा पोरगा, एक कोठीचा.

गुणपत्रकात लाहेरीच्या पोरापुढे पकडींची रांग लागलेली. कोठीच्या पोरापुढे जेमतेम दोन-चार.

"गुरुजी, यात बघायचं काय? लाहेरीचा घ्या," लोक म्हणाले.

गुरुजींनी विचारलं, "लाहेरीच्या मध्यरक्षकांची नावं कोण सांगतो?"

कोणालाच सांगता येईना. त्यात नवल नाही. २०१५ साली यू मुंबाने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा कोपऱ्यातले सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर सगळ्यांच्या तोंडी होते. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या जीवा कुमार आणि विशाल माने यांची आठवण किती जण काढतात?

कोपऱ्यातला गडी घोटा धरतो, पण तेवढ्याने चढाई थांबत नाही. चढाईपटू मध्यरेषेकडे अंग झोकून देतो. शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी येऊन धडकला तर पकड. तो जरा उशिरा आला, चढाईपटूचा हात रेषेला लागला, की घोटा धरणाराच बाद आणि गुण समोरच्यांना. धाडस तेच, मूठ तीच, पत्रकातली नोंद मात्र उलटी.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी दोघांची अदलाबदल केली. लाहेरीचा पोरगा कोठीच्या मध्यरक्षकांजवळ उभा राहिला. त्याने घोटे धरले, मदत उशिरा आली, चढाईपटू सुटत गेले. कोठीचा पोरगा लाहेरीच्या मध्यरक्षकांजवळ गेला आणि पकडीवर पकड करू लागला. लोकांनी लगेच बाजू बदलली. "कोठीचाच घ्या!"

"काल त्या दोन मध्यरक्षकांचं श्रेय तुम्ही एकाला दिलंत, आज दुसऱ्याला देताय," गुरुजी म्हणाले. "मी पकडी मोजल्याच नाहीत. घोटा धरल्यापासून मदत येईपर्यंत काय झालं, तेवढंच बघत होतो. ते पोराचं स्वतःचं. पुढचं सगळ्यांचं."

आणि तिथे फरक होता. लाहेरीच्या पोराची मूठ पहिल्या झटक्याला सुटत होती. कोठीचा पोरगा आपल्या गावच्या संघात खेळताना रेषेपर्यंत फरफटत गेला, बाद झाला, पण घोटा त्याने सोडला नव्हता. हरलेल्या चढाईत कोणी इतकं निरखून बघत नाही. गुरुजींनी बघितलं, म्हणून मला त्यांची निवड खरी वाटते.

लाहेरीचा पोरगा खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, मग मी खेळलो ते खोटं?"

"खोटं कसं होईल, बाळा? झेप कधी घ्यायची, हे तुला या सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. मूठ कच्ची आहे, ती सरावाने पक्की होईल. राखीव म्हणून तू आमच्याबरोबर येतो आहेस."

संध्याकाळी यादी लागली. डाव्या कोपऱ्यात कोठीचा पोरगा होता. त्याच्याही वर, यादीच्या अगदी सुरुवातीला, लाहेरीच्या दोन मध्यरक्षकांची नावं होती. त्यांच्यासाठी कोणीच शब्द टाकला नव्हता.